नाळ कोणी कापायची

आमच्या जिन्यात मीराबाईंविषयी एक वाक्य ठरलेले होते. तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी चहा नंतर विचारते, आधी गाव विचारते; आणि गाव सांगून सुटका होईल असे समजू नका, कारण लगेच पुढचा प्रश्न येतो: त्या गावात तुमचं घर कुठल्या अंगाला? हे वाक्य मूळचे वृंदाताईंचे. त्या मीराबाईंच्या समोरच्या दारात राहतात, दिल्लीतच जन्मल्या, दिल्लीतच वाढल्या, आणि आपल्या घराण्याच्या गावाला एकदाही गेलेल्या नाहीत. तरी प्रश्न त्यांना झोंबला होता. खालच्या मजल्यावरची बिहारची मंडळी, वरचे मल्याळी कुटुंब, साऱ्यांनी तो विनोद आपापल्या हिंदीत उचलला. आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत माणसे बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. पण मीराबाईंचा राग तेवढा कायम मुक्कामाला आहे, असेही लोक म्हणत.

मलाही तो प्रश्न आला होता. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. खरे ते उत्तर दिले. "बरं, बसा," एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांनी चहा टाकला.

मीराबाई यवतमाळकडच्या. नवरा नागपूरला टपाल खात्यात होता, तो गेल्यावर त्या मुलाकडे दिल्लीला आल्या. मुलगा संघपाल मंत्रालयात अधिकारी, सून समता एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते, आणि नात लुंबिनी त्या वेळी चार वर्षांची होती. घरात मोठ्या आवाजात फक्त मीराबाई बोलत. संघपाल इतके हळू बोलतो की फोनवर त्याला दोनदा विचारावे लागते.

समतेला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि आठव्या महिन्यात तिने सांगून टाकले की हे बाळंतपण घरी होईल. सगळी चौकशी तिने आधीच केली होती. विनया नावाची प्रशिक्षित मिडवाइफ होती. पुण्यात नर्सिंग शिकून ती बरीच वर्षे दिल्लीत हेच काम करत होती. एक डॉक्टरीणबाई तपासण्या करत होत्या आणि वेळ पडली तर त्यांच्याच रुग्णालयात जायचे ठरले होते. विनयाच्या अटी कडक होत्या. रक्तदाब वाढला, मूल आडवे झाले, काहीही शंका आली, तर बेत तिथेच रद्द. दारात गाडी तयार हवी. आणि घरातले एक मोठे, खंबीर माणूस पूर्ण वेळ हजर हवे, ज्याला हे मान्य आहे. गाडी माझी ठरली. माणूस म्हणून समतेच्या मनात एकच नाव होते. तिची आई ती शाळेत असतानाच वारली होती.

मीराबाईंनी ऐकून घेतले आणि त्या उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी संघपालला नागपूरचे तिकीट काढायला सांगितले.

त्यांचा त्या आठवड्यातला राग मी अजून विसरलेले नाही. तो भांडी आपटण्याचा राग नव्हता. समतेने काही विचारले तर त्या उत्तर भिंतीला देत. जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "मिडवाइफ म्हणते. इंग्रजीत म्हटलं की सुईण काय साहेबीण होते का?" त्यात भर वृंदाताईंनी घातली. त्यांना हा बेत फारच आवडला होता. घरचं बाळंतपण म्हणजे आपली जुनी परंपरा, किती नैसर्गिक, किती मायेचं, असे त्या मीराबाईंच्याच दारात उभ्या राहून बोलल्या. मीराबाईंनी त्यांना पूर्ण बोलू दिले आणि मग विचारले की त्या परंपरेत तुमच्या आजीच्या घरी सुईण कुठल्या दारानं आत यायची. वृंदाताईंना ठाऊक नव्हते. "मला ठाऊक आहे," मीराबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतले.

तिकीट निघाले होते आणि त्या गेल्याही असत्या. पण जाण्याच्या आधी समतेने त्यांना एक गोष्ट सांगितली, जी लुंबिनीच्या जन्मापासून त्या घरात दडवलेली होती.

लुंबिनी एका खाजगी नर्सिंग होममध्ये झाली होती. भपकेबाज जागा होती. स्वागतकक्षात मासे पोहत होते. प्रसूतीच्या खोलीत समता ओरडली, तेव्हा तिथल्या एका बाईने तिच्या मांडीवर सणसणीत चापट मारली आणि हिंदीत असे काही म्हणाली, जे समतेने सासूला सांगितले, मला मात्र सांगितले नाही. मला ते अंदाजाने कळले. असल्या खोल्यांतून नवऱ्याच्या बिछान्यावरून मारलेला तो टोमणा हजारोंना ऐकवला जातो. मग तिला न विचारता टाका पडेल असा छेद दिला गेला. ती रडायला लागली, तर पुन्हा हात उगारला. समतेने दात आवळून घेतले ते लुंबिनी बाहेर येईपर्यंत. दाराबाहेर संघपाल उभा होता. चापटीचा आवाज त्याने ऐकला होता. घरी आल्यावर त्याने बायकोला समजावले की हे सगळीकडे असेच चालते, आणि आईला सांगू नकोस, आई तिथे जाऊन तमाशा करील.

मीराबाईंनी संघपालला हाक मारली. तो आला. त्यांनी त्याला एवढेच विचारले की तू ऐकलं होतंस का. तो हो म्हणाला. त्यानंतर महिनाभर त्या मुलाशी बोलल्या नाहीत. ताट वाढत, पण बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या होत्या. पांढरी साडी, हातात पिशवी. "तुमची गाडी बाळंतपणासाठी ठेवलीय ना? मग आज काढा."

त्या नर्सिंग होमपर्यंतच्या रस्त्यावर मोतीबागेच्या पुढे गाड्या तुंबल्या होत्या, आणि तिथे थांबल्या थांबल्या, समोरच्या बसच्या पाठीकडे बघत, त्यांनी मला आपल्या आईविषयी सांगितले. त्यापूर्वी कधी सांगितले नव्हते, नंतरही नाही.

त्यांच्या गावात बाळंतपणाचे काम त्यांच्या वस्तीकडे होते. म्हणजे त्यांच्या आईकडे. बोलावणे आले की जायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. एरवी ज्या घराच्या अंगणापुढे पाऊल टाकता येत नसे, त्या घरात मागच्या दाराने थेट बाळंतिणीच्या खोलीत जायचे. मूल हातावर घ्यायचे, नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताने भिजलेले सगळे ओढ्यावर नेऊन धुवायचे. आई बाहेर पडली की तिने जिथे जिथे पाय ठेवला ती जमीन सारवून काढत. पदरात भाकरी टाकत, तीही वरून. पुढे तीच मुले मोठी होऊन वाटेत भेटली तर आईने अंग चोरून उभे राहायचे. मीराबाई म्हणाल्या, "गावातलं प्रत्येक माणूस आधी माझ्या आईच्या हातात होतं. आणि मग एकालाही तिचा हात नको होता."

त्यांच्या धाकट्या भावाच्या वेळी आईला कळा सुरू झाल्या, तेव्हा गावातले कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि वस्तीतल्या बाया कापूस वेचायला गेल्या होत्या. झोपडीत लहान मीरा एकटीच. आईने चुलीजवळचा विळा मागितला आणि स्वतःच्या बाळाची नाळ स्वतः कापली. भाऊ आठवडाभरात आकडी येऊन गेला. तो धनुर्वात होता, विळ्याचा दोष होता, हे मीराबाईंना पुढे नागपूरला कळले.

नागपूरच्या वस्तीत त्यांनी काय केले तेही मग ओघाने आले. कुणाचीही सून असो, लेक असो, दिवस भरत आले की मीराबाई सायकलरिक्षा घेऊन तिच्या दारात उभ्या. सासू म्हणे, आमच्यात घरीच होतं. मीराबाई म्हणत, तुमच्यात होत असेल, आता होणार नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टर येईपर्यंत त्या दारातून हलत नसत. वस्तीने ते काम सोडले, हात झटकून सोडले, आणि आपली एकही बाई पुन्हा विळ्याखाली जाऊ दिली नाही, हा त्यांच्या आयुष्याचा हिशेब होता. त्या हिशेबात दवाखाना म्हणजे मुक्काम. तिथे पोचलेल्या बाईला कुणी थप्पड मारील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते.

"मीच तिला तिथं न्यायला लावलं होतं," त्या म्हणाल्या. "पोरगं नको म्हणत होतं, महाग आहे म्हणून. मी म्हटलं, चांगल्यातल्या चांगल्या ठिकाणी ने."

नर्सिंग होममध्ये मासे अजून पोहत होते. काउंटरवरच्या मुलीने अपॉइंटमेंट आहे का विचारले. मीराबाईंनी नागपुरी हिंदीत, सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाईल असे सांगितले की चार वर्षांमागे माझ्या सुनेवर इथे हात उचलला, ती बाई मला पाहिजे. मुलगी गडबडली. आतून टाय लावलेले एक गृहस्थ आले. स्टाफ बदलला, जुनी गोष्ट झाली, आमच्याकडे असे होत नाही, आणि कृपा करून आवाज कमी करा, बाकी पेशंट बसल्या आहेत, असे ते म्हणाले.

"नहीं होता तो आवाज नीचे काहे को करवा रहे?" मीराबाई म्हणाल्या. मग त्या खुर्च्यांकडे वळल्या. पोट पुढे आलेल्या चारपाच बायका बसल्या होत्या. त्यांना त्या म्हणाल्या की आत कुणी मारलं तर उलटा हात द्या, मी सांगितलं म्हणून सांगा. एक बाई हसली, मग आपल्या नवऱ्याकडे बघून गप्प झाली. सुरक्षारक्षक येईपर्यंत आम्ही बाहेर पडलो होतो. हाती काही आले नाही. येण्यासारखे काही नव्हतेच.

परतल्यावर, आमच्या जिन्याशी गाडीतून उतरता उतरता, त्यांनी विचारले, "खाली गादी कुठली घालणार आहे ती? जुनी कापसाची नको. नवी आणा."

तिकीट रद्द झाले. पण मीराबाईंनीही आपल्या अटी सांगितल्या, आणि त्या विनयाच्या अटींपेक्षा कडक होत्या. मी घरात राहीन. दारात खुर्ची टाकून बसेन. कुणी माझ्या सुनेला न विचारता हात लावला तर तो हात मी मोडीन, मग तो कुणाचाही असो. पण मी स्वतः कशालाही शिवणार नाही. पाणी गरम करणार नाही, फडकं धुणार नाही. "आमच्या घरानं ते काम बरंच केलंय."

समतेने ते मान्य केले. विनयानेही केले. ती समजूतदार, मितभाषी बाई होती. तिच्यासोबत दुसरी परिचारिका असणार होती, ऑक्सिजनचे नळकांडे, रक्तस्रावाची इंजेक्शने, सगळे तिच्या सामानात होते. होळीच्या आधीच्या त्या उन्हात तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर दुपटी आणि जुन्या मऊ साड्यांचे तुकडे वाळत पडू लागले. ते धुतले होते संघपालने, कारण आईने तसे सुनावले होते. अर्थात त्याच्याशी बोलून नव्हे, माझ्याशी बोलून, तो ऐकेल अशा बेताने. भरल्या कॉलनीसमोर अधिकारी साड्या पिळतो आहे, ही बातमी तासाभरात खालच्या बाकांवर पोचली. लुंबिनी त्याच्याभोवती नाचत विचारत होती, "आजी, ये नाळ क्या होती है?" शब्द तिने विनयाच्या बोलण्यातून उचलला होता. मीराबाई मला हळूच म्हणाल्या, "नातीला ठाऊक नाही. बरं आहे."

कळा सुरू झाल्या त्या एका शनिवारी, पहाटेच्या चहानंतर. लुंबिनीला वृंदाताईंकडे दिले. विनया आली, तिने तपासले, बाळाचे ठोके ऐकले, सगळे ठीक आहे म्हणाली. मी गाडीची किल्ली मुठीत घेऊन बाहेरच्या खोलीत बसले. संघपाल चहा करत होता, पुन्हा पुन्हा, कुणी न मागता. आणि मीराबाई आतल्या दारात खुर्ची टाकून, हात छातीशी घट्ट बांधून बसल्या होत्या. पहारेकऱ्यासारख्या नव्हे; पहारेकरी पेंगतो.

सकाळ सरत गेली. आतून आवाज येत नव्हता, आणि तेच विचित्र होते. समता भिंतीला धरून उभी राहत होती, वाकत होती, घामाने न्हाली होती, पण तोंडातून हूं की चूं नाही. विनया तिला सांगत होती, श्वास सोड, आवाज येऊ दे, दाबू नकोस. ती मान हलवी आणि पुन्हा दात आवळी. विनया दोनदा बाहेर येऊन घड्याळ बघून गेली. तिच्या कपाळावर एक आठी आली होती. मूल पुढे सरकत नव्हते. ती मला म्हणाली की अजून थोडी वाट पाहू, नाहीतर निघावे लागेल.

मीराबाईंनी ते ऐकले. त्या उठल्या. काही न शिवण्याचे जे काही ठरले होते ते त्या खुर्चीवर तसेच राहिले. त्या समतेच्या मागे गादीवर बसल्या, तिला आपल्या छातीशी टेकवून घेतले आणि ज्या आवाजात त्यांनी नर्सिंग होम हलवले होते त्याच आवाजात म्हणाल्या, "कुणाला भितेस? इथं कुणी नाही मारणारं. ओरड. घर तुझं आहे. ओरड म्हणते ना."

समता ओरडली. मी आयुष्यात तसे ओरडणे ऐकलेले नाही. त्यात कळ होती, पण कळेपेक्षा जास्त चार वर्षे होती. खालच्या बाकांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या, वरच्या मल्याळी कुटुंबाने दार उघडले, कुणीतरी कुठल्यातरी खिडकीतून "क्या हुआ" विचारले. ती पुन्हा ओरडली, शिव्याही दिल्या, मराठीत दिल्या, हिंदीत दिल्या; त्या मासेवाल्या नर्सिंग होमला आणि नवऱ्याला समसमान. मीराबाईंच्या दंडात तिची नखे रुतली होती. त्या "अजून" म्हणत होत्या. दुपारच्या जेवणाच्या वेळेला मुलगा झाला, आणि आईइतकाच मोठ्याने रडला.

मग एक चूक झाली. चूक प्रेमाने झाली, म्हणून ती अधिक बोचते. समता समाजशास्त्र शिकवते. सासूच्या आईविषयी तिला ढोबळ माहिती होती: सुईण होती, गावाची बाळंतपणे करायची. विळ्याचे तिला ठाऊक नव्हते; ते मीराबाईंनी तोपर्यंत मला आणि बसच्या पाठीला सोडून कुणाला सांगितले नव्हते. तिने मनाशी ठरवले होते की त्या हातांचा मान राखायचा. विनयाला तिने आधीच सांगून ठेवले होते, आणि बहुधा वृंदाताईंनाही, कारण ताटलीत कात्रीशेजारी त्यांच्या कुंडीतले शेवंतीचे फूल होते.

नाळेतले ठोके थांबल्यावर विनयाने दोन चिमटे लावले, ताटली पुढे केली आणि म्हणाली, "आजी, समताची इच्छा आहे. नाळ तुम्ही कापायची. तुमच्या आईच्या आठवणीसाठी."

मीराबाईंनी ताटलीकडे पाहिले. त्यांचा चेहरा मी दारातून पाहत होते. त्यांची सून मूल छातीवर घेऊन, डोळे वर करून त्यांच्याकडे हसून बघत होती. मीराबाईंनी फूल उचलले आणि बाजूला गादीवर ठेवले. ताटली तशीच राहिली. समतेचे हसू हळूहळू मावळले. आपण कुठेतरी चुकलो एवढे तिला कळले होते, कुठे ते कळले नव्हते.

"संघपाल," मीराबाई म्हणाल्या. महिन्याभरानंतर त्या मुलाशी बोलत होत्या. "चहा खाली ठेव. हात धू. इकडे ये."

तो दारात येऊन थबकला. आई, मला नाही जमणार, मला रक्त बघवत नाही, असे तो पुटपुटला. मीराबाई फक्त बघत राहिल्या, आणि त्या नजरेत नर्सिंग होमचे बंद दार होते, त्याच्याबाहेर उभा राहिलेला तो होता. संघपाल आत आला. गुडघ्यावर बसला. विनयाने चिमट्यांमधली जागा दाखवली. कात्री पहिल्यांदा घसरली. नाळ चिवट असते, हे पुरुषांना कुणी सांगितलेले नसते. दुसऱ्यांदा त्याने जोर लावला आणि कापली. मग तो तिथेच बसून रडला, आवाज न करता, त्याच्या नेहमीच्या पद्धतीने. समतेने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्याच्याकडे बघत मात्र राहिली.

वार व्यवस्थित पडली, विनयाने ती नीट तपासली. पुढची विल्हेवाटही संघपालनेच लावली, विनयाने सांगितली तशी. रक्ताने भरलेल्या चादरी त्याने मागच्या बाल्कनीतल्या नळाखाली धुतल्या, सगळ्या कॉलनीला दिसतील अशा. या वेळी त्याला कुणी सांगितले नव्हते.

विळ्याची गोष्ट मीराबाईंनी समतेला पाचवीच्या दिवशी सांगितली. मी तिथे नव्हते. दोघींच्या डोळ्यांवरून मला ते कळले, आणि समता त्यानंतर वृंदाताईंच्या परंपरेवर एक अक्षर बोलली नाही.

वृंदाताई मात्र बोलल्या. स्वभावाने त्या वाईट नाहीत. अळिवाचे लाडू घेऊन आल्या होत्या, मोठा डबा भरून. बाळाला पाहिले, दृष्ट काढली, आणि मग मीराबाईंजवळ बसून विषय काढलाच. घराण्यात एवढा हातगुण असताना तुम्ही मागे का झालात? शेवंतीचं फूल मी मुद्दाम दिलं होतं. पुरुषमाणसाला, त्यातून एवढ्या मोठ्या ऑफिसरला, त्या घाणीत कशाला ओढायचं? आईचा वारसा तुम्ही चालवायला हवा होता, मीराबाई.

मीराबाईंनी नातवाचे टोपडे सरळ केले.

"माझ्या आईनं गावाच्या नाळी कापल्या, कारण गावाला हात घाण करायचे नव्हते. आता ज्याचं लेकरू, त्यानं कापावी. लाडू ठेवा. डबा संघपाल धुऊन आणून देईल."